टॉनिकचं नाव सांगता, तसं पैसे कुणी दिले तेही सांगा

शेतीचे व्हिडिओ आणि रील्स करणाऱ्या दादा-ताईंनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कृषिमंत्र्यांना किंवा कृषी आयुक्तांना लिहिता आलं असतं. पण आमच्या नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यातला शेतकरी कृषी सेवा केंद्रात जाऊन काय मागतो, हे आज सगळ्यात जास्त तुम्ही ठरवता. म्हणून तुम्हालाच लिहितोय.

पूर्वी दुकानात येणारा माणूस पिशवीतून पान काढायचा. काउंटरवर ठेवून विचारायचा, "यावर काय मारू?" दुकानदार पान उलटं करून बघायचा, कुठला प्लॉट, किती दिवसांचा, काल पाऊस होता का, असं दोन-चार प्रश्न विचारायचा. आता माणूस मोबाईल पुढे करतो. स्क्रीनवर बाटलीचा फोटो असतो. "हेच द्या." दुकानदाराने त्याच घटकाचं दुसरं, स्वस्तातलं काढून दाखवलं तर त्याच्यावरच संशय. दुकानदार कमिशन बघून माल गळ्यात मारतात हे शेतकऱ्याला वर्षानुवर्षं माहीत आहे, त्यामुळे हा संशय उगाच आलेला नाही. पण व्हिडिओतल्या माणसाबद्दल तसा संशय कुणाला येत नाही, आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

तुमच्यावर विश्वास का बसतो हे मी रोज बघतो. तुम्ही आमच्या भाषेत बोलता. पायाला चिखल असतो, मागे बाग असते, कडेला ब्लोअर उभा असतो. इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीचा प्रतिनिधी आला की शेतकरी सावध होतो, कारण हा विकायला आलाय हे त्याला कळतं. तुम्ही मात्र घरचे वाटता. हा विश्वास तुम्ही कमावलेला आहे, हेही मला मनापासून सांगायचंय. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. घरच्या घरी उगवण चाचणी कशी करायची, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात कसे गुंडाळायचे, सत्तरपेक्षा कमी उगवले तर ते बियाणं का पेरायचं नाही, हे तुमच्यातल्या कितीतरी जणांनी हातात गोणपाट धरून दाखवलं. त्यात विकायला काही नव्हतं. रुंद वरंबा सरी असो, ठिबकच्या फिल्टरची सफाई असो, द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर सबकेन, म्हणजे शेंडा खुडून जोडकाडी कशी काढायची ते असो, तुमच्यामुळे आमच्यासारख्यांना बांधावर बसून शिकायला मिळालं. एका कृषी सहायकाकडे कितीतरी गावं असतात, त्याची वाट बघत बसलो तर करपा आपली वाट बघत नाही. ती पोकळी तुम्ही भरलीत.

त्याच तोंडाने जेव्हा "हे टॉनिक मारा, चार दिवसांत रिझल्ट बघा" येतं, तेव्हा ऐकणाऱ्याला तो सल्ला आणि हा सल्ला वेगळा ओळखता येत नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या काकांचं उदाहरण सांगतो. उन्हाळी टोमॅटो होता, एप्रिलचा कडाका सुरू झाला आणि फुलगळ लागली. काकांनी व्हिडिओ बघून फुलगळ थांबवणारं टॉनिक मागवलं. कुरिअरने आलं, बिल नाही. बाटली मी हातात घेऊन बघितली. पुढच्या बाजूला लालभडक टोमॅटोचा फोटो, खाली "१००% ऑरगॅनिक" आणि "सर्व पिकांसाठी उपयुक्त". मागच्या बाजूला घटकांच्या जागी "नैसर्गिक अर्क" एवढंच. कुठला अर्क, किती टक्के, काही नाही. नोंदणी क्रमांक नाही, उत्पादकाचा पत्ता अर्धवट. काकांनी प्रमाणाप्रमाणे फवारलं. शेवटच्या दोन सऱ्यांना औषध पुरलं नाही, त्या तशाच राहिल्या.

पुढच्या आठवड्यातही फुलगळ चालूच होती, दोन्हीकडे. मग आभाळ आलं, दोन-तीन दिवस ऊन उतरलं, रात्री जरा थंड झाल्या आणि सेटिंग, म्हणजे फळ धरणं, सुरू झालं, तेही दोन्हीकडे सारखंच. कडक उन्हात आणि गरम रात्री टोमॅटोचा परागच नीट काम करत नाही, म्हणून फूल गळतं. ऊन उतरलं की झाड आपोआप सावरतं. काकांनी मात्र टॉनिक मारलं होतं, त्यामुळे त्यांच्या लेखी गुण टॉनिकचा. मी त्यांना त्या दोन सऱ्या नेऊन दाखवल्या. ते बराच वेळ फुलं मोजत बसले आणि मग म्हणाले, "त्या पोराने आधी सांगितलं असतं ना, की मला कंपनीने दिलंय, तर मी एकच बाटली मागवली असती."

त्यांनी चार मागवल्या होत्या.

दादांनो, "रिझल्ट"चा व्हिडिओ कसा तयार होतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आज पिवळट पान दाखवायचं, फवारणी दाखवायची, चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवंगार पान दाखवायचं. पण त्याच फवारणीत १९:१९:१९ हे नत्राचं खत मिसळलेलं असतं, त्याच आठवड्यात पाणी दिलेलं असतं, कधी पाऊस पडलेला असतो. नत्र मिळालं की पान काळोखी धरणारच. मग टॉनिकने काय केलं? हे कळायचा एकच मार्ग आहे आणि तो कृषी विद्यापीठाच्या प्रत्येक प्रयोगात वापरला जातो: काही ओळी न फवारता सोडायच्या. राहुरीला जा, परभणीला जा, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जा, न फवारलेला तुकडा असल्याशिवाय कुणी निष्कर्ष काढत नाही. तुमच्या किती व्हिडिओंत असा तुकडा असतो? मला तर क्वचितच दिसला.

आणि चौथ्या दिवशीचं हिरवं पान हा शेतकऱ्याचा रिझल्ट नसतोच. त्याचा रिझल्ट पिंपळगावच्या बाजारात हातात पडणारी हिशोबपट्टी. किती जाळ्या गेल्या, काय भाव लागला, आणि त्यातून फवारणीचा खर्च वजा जाता काय राहिलं. एका एकराला एका फवारणीत हजार रुपयांचं टॉनिक धरा, हंगामात आठ फवारण्या धरा, दोन एकर प्लॉट धरा. सोळा हजार झाले. तेवढं जास्तीचं उत्पादन आलं का, हे पट्टी दाखवल्याशिवाय कसं कळणार?

हा टॉनिकचा बाजार किती मोकाट होता हे सरकारनेच सांगितलंय. आपण ज्याला टॉनिक म्हणतो, म्हणजे समुद्री शेवाळाचे अर्क, अमिनो ॲसिड, ह्युमिक, फल्विक वगैरे, ते कायद्याच्या भाषेत बायोस्टिम्युलंट. फेब्रुवारी २०२१ पर्यंत त्यांच्यावर धड कुठलाच कायदा नव्हता. तेव्हा ती खत नियंत्रण आदेशाखाली आणली, पण तात्पुरत्या परवान्याच्या मुदती वाढत गेल्या, त्या जून २०२५ मध्ये संपल्या. जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की देशात अशी सुमारे ३०,००० उत्पादनं बिनधास्त विकली जात होती, त्याआधीच्या चार वर्षांतही ८,००० च्या आसपास बाजारात होती, आणि कडक तपासणीनंतर उरली साधारण ६५०. म्हणजे तुमच्या जुन्या व्हिडिओंत ज्या बाटल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा आज कायद्याने विकताच येणार नाहीत. ते व्हिडिओ मात्र अजून तिथेच आहेत आणि अजून बघितले जातात. किमान ते तरी काढा, किंवा वर मोठ्या अक्षरात तसं लिहा.

आम्हा द्राक्षवाल्यांना तर यात दुहेरी भीती असते. त्याच नियमात म्हटलंय की बायोस्टिम्युलंटमध्ये कीडनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.०१ भागापेक्षा) जास्त नसावा. ही अट उगाच घातलेली नाही. "सेंद्रिय" म्हणून विकलेल्या बाटलीत कीटकनाशक किंवा संजीवक मिसळलेलं निघतं, म्हणूनच तर ती "जादू" करते. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले, कंटेनर अडकले, नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदारांचं आणि निर्यातदारांचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून निर्यातीचा माल करणारा प्रत्येक जण ॲनेक्श्चर ५ ची, म्हणजे द्राक्षावर चालणाऱ्या औषधांची यादी आणि काढणीपूर्व कालावधी डोळ्यात तेल घालून पाळतो. अशा बागेत घटक माहीत नसलेली एक बाटली गेली आणि प्रयोगशाळेत नमुना फेल झाला, तर वर्षभराची मेहनत लोकल मार्केटच्या भावात द्यावी लागते. त्या वेळी व्हिडिओ करणारा कुठेच जबाबदार नसतो. तुम्ही औषध सांगता, डोस सांगता, पण काढणीला किती दिवस बाकी असताना ते बंद करायचं, आणि त्या पिकासाठी त्याला लेबल क्लेम, म्हणजे वापरायची अधिकृत मंजुरी, आहे का, हे किती व्हिडिओंत सांगता?

२०२५ मध्ये मे महिन्यापासून पाऊस लागून राहिला. ऊन मिळालं नाही, काडीत घडनिर्मिती झाली नाही, गोडी (फळाच्या) छाटणीनंतर कित्येक बागा रिकाम्या दिसल्या. जे घड आले ते जिरायला, म्हणजे वाढायच्या आधीच नाहीसे व्हायला लागले. घाबरलेला बागायतदार रात्री दोन वाजता मोबाईल बघत बसतो आणि त्याला दिसतं, "घड जिरणं थांबवा, फक्त एका फवारणीत". त्या माणसाला त्या वेळी काहीही विकता येतं. त्याचं सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं, मजुरांचे पैसे द्यायचे असतात, तरी तो उधारीवर बाटली घेतो. काडीत घडच तयार झाला नसेल तर छाटणीनंतरची कुठलीच फवारणी तो निर्माण करू शकत नाही, हे तुमच्यातल्या जाणत्यांना पक्कं माहीत आहे. ते कॅमेऱ्यासमोर तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगायला हवं होतं. काहींनी सांगितलंही. त्यांच्या व्हिडिओला तेवढे व्ह्यूज मिळाले नाहीत, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता कायद्याचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीसोबतच तिची शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय शिफारशी करण्यावर बंदी. यातून सुटका कुणाची? ज्याने दाव्याची खातरजमा केली होती त्याची. कंपनीने दिलेलं माहितीपत्रक वाचून दाखवणं म्हणजे खातरजमा नव्हे. २० जानेवारी २०२३ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तुमच्यासारख्यांसाठीच नियम समजावून सांगितले: पैसे घेतले असोत, माल फुकट मिळाला असो, सहल मिळाली असो, सवलत असो, की कंपनीत नातेवाईक असो, ते प्रेक्षकाला सांगावं लागतं. व्हिडिओत सांगायचं असेल तर नुसतं खाली वर्णनात लिहून भागत नाही, व्हिडिओतच दिसायला आणि ऐकायलाही यायला हवं. आयकर खातं तर केव्हाच पुढे गेलंय. १ जुलै २०२२ पासून कंपनीने दिलेली वस्तू तुम्ही स्वतःकडे ठेवली आणि वर्षभरात असे लाभ वीस हजारांच्या वर गेले, तर त्यावर दहा टक्के टीडीएस कापला जातो. म्हणजे फुकट आलेला पंप, ड्रोनची फवारणी, खतांच्या गोण्या हे तुमचं उत्पन्न आहे हे सरकारला माहीत असतं. फक्त बघणाऱ्या शेतकऱ्याला माहीत नसतं.

ऐकायला यायला हवं, यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. तुमचे व्हिडिओ लोक बघण्यापेक्षा ऐकतात जास्त. माझी आई गोठ्यात दूध काढताना मोबाईल दावणीवर ठेवते आणि ऐकते. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस कानात हेडफोन घालून ऐकतो. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत "पेड पार्टनरशिप" आलं काय आणि गेलं काय, त्यांच्यापर्यंत ते पोहोचतच नाही. नमस्कार शेतकरी मित्रांनो म्हणता ना, त्याच्या पुढच्याच वाक्यात म्हणा: "हा व्हिडिओ करायला अमुक कंपनीने मला पैसे दिलेत." मराठीत, स्वच्छ, एका दमात. लोक व्हिडिओ बंद करतील अशी भीती वाटते का? काही करतील. उरलेले मात्र तुम्ही सांगाल ते त्या हिशोबाने ऐकतील, आणि तो त्यांचा हक्कच आहे.

मला आणखी एक गोष्ट फार अस्वस्थ करते. शेअर बाजाराचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते. आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये वेगळे नियम आले, आपलं शिक्षण काय हे सांगावं लागतं. इतकंच काय, आमच्या गावातल्या कृषी सेवा केंद्रवाल्यालाही कीटकनाशकांच्या परवान्यासाठी शेतीची किंवा रसायनशास्त्राची पदवी-पदविका लागते, जुन्या दुकानदारांना त्यासाठी अभ्यासक्रम करावा लागला. पण लाखो शेतकऱ्यांना विषारी औषधाचं मिश्रण आणि डोस सांगणाऱ्या व्हिडिओवाल्याला शिक्षण काय, हे कुणी विचारत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शासनाला विशेष तपास पथक नेमावं लागलं. तिथे औषधांची मनाला येतील तशी मिश्रणं हाही एक मुद्दा होता. "हे, हे आणि हे एकाच पंपात टाका, मजुरी वाचते" असं सहज बोलून जाताना फवारा मारणारा माणूस डोळ्यापुढे आणा. तो बहुतेक वेळा मालक नसतोच. रोजाने आलेला मजूर असतो, तोंडाला फक्त उपरणं बांधलेलं. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, विष किती जहाल ते सांगणाऱ्या बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग, यावर दोन मिनिटं घालवलीत तर तुमच्या व्हिडिओचं काही बिघडणार नाही. तुमच्यातल्या ज्यांच्याकडे कृषीची पदवी आहे त्यांनी ती अभिमानाने सांगावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी "हा माझा अनुभव आहे, शिफारस नाही, विद्यापीठाची शिफारस बघा" असं म्हणावं. अनुभवाला आमच्याकडे किंमत आहेच.

आजकाल काही चॅनेलवाल्यांनी स्वतःचाच ब्रँड काढलाय. कारखाना दुसऱ्याचा, लेबल आपलं. धंदा करणं काही पाप नाही, शेतकऱ्याच्या पोराने धंदा करावाच. पण मग तुम्ही सल्लागार राहत नाही, विक्रेते होता, आणि विक्रेत्याला परवाना, बॅच नंबर आणि पक्कं बिल हे तिन्ही लागतं. बिल नसेल तर शेतकऱ्याला दादच मागता येत नाही. २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहक आहे आणि सदोष बियाण्यासाठी तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो असं स्पष्ट केलं. पण तिथे जाताना हातात कागद लागतो. व्हॉट्सॲपवर नंबर, फोनवर पैसे आणि कुरिअरने बाटली, या व्यवहारात त्याच्या हातात काय उरतं?

हेही खरं की तुमचंही पोट या कामावर आहे. व्हिडिओ करायला पेट्रोल जाळून फिरावं लागतं, एडिटिंगला रात्री जागावं लागतं, आणि यूट्यूबकडून मिळणाऱ्या पैशांत घर चालत नाही. कंपनीकडून पैसे घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, पण सांगून घ्या. नावासोबत घटक सांगा, म्हणजे ज्याला परवडत नाही तो त्याच घटकाचं स्वस्त औषध घेईल. गुण आला नाही तर तोही व्हिडिओ टाका. कंपनी त्याला तयार नसेल तर त्या कंपनीचा आपल्या मालावर किती भरवसा आहे ते तिथेच कळतं.

आणि माझ्याकडून एक गोष्ट देऊ करतो. येत्या हंगामात माझ्या टोमॅटोच्या प्लॉटमधल्या दहा सऱ्या मी या कामासाठी ठेवतोय. पाच तुम्ही सांगाल त्या टॉनिकने फवारायच्या, पाच तशाच सोडायच्या. पाणी, खत, औषधं बाकी सगळं सारखं. टॉनिक नोंदणी असलेलं आणि बिलाचं हवं, एवढी एकच अट. लागवडीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत ज्याला वाटेल त्याने येऊन शूटिंग करावं, दोन्हीकडच्या जाळ्या वेगळ्या भरू, वेगळ्या मोजू आणि दोन्ही पट्ट्या कॅमेऱ्यासमोर ठेवू. चहा-जेवण आमच्याकडे. जो येईल त्याने या पत्राखाली कमेंटमध्ये फक्त "येतो" लिहावं, मी संपर्क करीन. रोपं जूनच्या शेवटच्या आठवड्यात लावायची आहेत, त्याआधी कळवा.

आपला,
एक द्राक्ष-टोमॅटो उत्पादक
तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक